चार मुलं, चार वयं आणि शिकवायला एकटी आई : एका घरशाळेचं प्रकरण

होमस्कूलिंग करणारे, म्हणजे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारे पालक भेटले की अभ्यासक्रम कुठला घ्यायचा, परीक्षा कुठली द्यायची हे विचारतातच, पण घरात दोन-तीन मुलं असली की थोड्या वेळाने खरा प्रश्न बाहेर येतो, तो म्हणजे रोजची सकाळ चालवायची कशी. एकाला शिकवायला बसलं की दुसरं मोकळं, दुसऱ्याकडे गेलं की पहिलं बंद. म्हणून माझ्या भाचीच्या घरचं प्रकरण सगळं सविस्तर लिहितेय, तिला विचारून आणि नावं न घालता.

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका होते, नोकरीतला बराच काळ द्विशिक्षकी शाळेत गेला. पहिली ते चौथीची सगळी पोरं, शिक्षक दोन, आणि त्यातला एक मीटिंगला किंवा ट्रेनिंगला गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. 1986 च्या शैक्षणिक धोरणानंतर खडू-फळा मोहीम आली त्यात एकशिक्षकी शाळांना दुसरा शिक्षक मिळाला, तेव्हा ती केवढी मोठी गोष्ट वाटायची हे त्या काळातल्या लोकांना विचारा. आणि आजही शिक्षण हक्क कायद्यात पटसंख्या 60 पर्यंत असेल तर पहिली ते पाचवीला दोनच शिक्षक धरलेत. म्हणजे वेगवेगळ्या वयाच्या मुलांना एकाच वेळी, एकाच खोलीत शिकवणं हे आपल्याकडे खेडोपाडी रोज चालू आहे, त्याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात आणि त्याच्या ठरलेल्या पद्धती आहेत. घरी शिकवणाऱ्या पालकांपर्यंत त्या पोचतच नाहीत याचं मला फार वाईट वाटतं, कारण हे लोक परदेशातले व्हिडिओ बघून टाइमटेबल बनवतात आणि शेजारच्या वाडीतल्या शाळेत डोकावत नाहीत.

आता घर. सिंधुदुर्गातलं एक गाव. भाची आणि जावई पुण्यात नोकरीला होते, सासरे गेल्यावर बाग बघायला कुणी नाही म्हणून इकडे आले. मोठी मुलगी 12 वर्षांची, चौथीपर्यंत पुण्यात शाळेत गेलेली. तिच्यामागचा मुलगा 9 वर्षांचा, त्याची शाळा जेमतेम सुरू झाली आणि सुटली. तिसरी 6 वर्षांची, ती शाळेत गेलेलीच नाही. आणि धाकटा अडीच वर्षांचा. जावई सकाळी बागेत, सासूबाई घरात आहेत पण गुडघ्यांमुळे धाकट्यामागे धावणं त्यांना होत नाही. शिकवणं सगळं भाचीवर.

तिने टाइमटेबल फार मनापासून केलेलं होतं, प्रिंट काढून भिंतीवर लावलेलं, नऊ ते एक, प्रत्येक मुलाला प्रत्येक विषयाची तासिका, मोठीला विज्ञान असताना मधल्याला परिसर अभ्यास आणि तिसरीला अक्षरं. कागदावर एकदम व्यवस्थित. फक्त त्याप्रमाणे चालायचं तर आईला तीन ठिकाणी एकाच वेळी बसावं लागणार होतं, शिवाय त्या कागदावर अडीच वर्षांच्या मुलाचं नावच नव्हतं, आणि घरातली सगळी सकाळ तर तोच ठरवत होता.

मी पडवीत वही घेऊन बसले आणि काहीही न सुचवता फक्त लिहीत गेले, कोण काय करतंय, कोण कुणाची वाट बघतंय. ही वही मी सगळ्यांनाच सुचवते, टाइमटेबल बदलायच्या आधी एक-दोन सकाळी कुणीतरी तिसऱ्या माणसाने बसून नुसतं लिहावं. त्यात दिसलं ते असं. मोठी एका समीकरणापाशी अडली, "आई" म्हणाली आणि थांबली. आई तिसरीचा हात धरून 'क्ष' गिरवून घेत होती. तेवढ्यात मधल्याने स्पेलिंग विचारलं, त्याला उत्तर देईपर्यंत धाकट्याने पाण्याचा तांब्या वर्कशीटवर उपडा केला. पुसापुशी झाली, धाकट्याला कडेवर घेऊन भाची मोठीकडे गेली, दोन मिनिटं उभ्याउभ्याच समजावलं आणि परत तिसरीकडे. मोठी गप्प. तिला कळलं नव्हतं हे तिच्या पेन्सिलीवरून मला दिसत होतं, ती समासात वेलबुट्टी काढायला लागली होती, पण परत हाक मारली नाही. समजूतदार मुलाचं घरात आणि वर्गात हेच होतं, ते आवाज करत नाही म्हणून त्याच्या वाट्याला वेळ येत नाही, आणि आपण म्हणतो हिचं बरं चाललंय, हिचं बघायला लागत नाही.

आणि मधला. तो पुस्तक उघडून बसलेला असायचा, पानं वेळेवर उलटायचा, पण डोळे ओळीवरून सरकत नव्हते. त्याला चौथीचं पुस्तक वाचता येत नव्हतं, जोडाक्षर आलं की अंदाजाने ठोकायचा. भाचीला हे जाणवत होतं पण नीट बसून बघायला तिला सलग वेळच मिळत नव्हता. एक वाजता अर्धा अभ्यास बाकी, मग जेवणानंतर परत, मग चारला परत. ती मला म्हणाली, "मावशी, दिवसभर शिकवतच असते गं, आणि रात्री वाटतं आज काहीच शिकवलं नाही."

सगळ्यात आधी आम्ही तासांचा हिशोब केला, कारण नऊ ते एक अधिक दुपार अधिक संध्याकाळ हे ओझं तिनेच स्वतःवर घेतलेलं होतं. कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन सांगितलंय, सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1000 तास. म्हणजे प्राथमिकला दिवसाला चार तास आले, तेही तीसेक मुलांना एक शिक्षक धरून, त्यात हजेरी, वह्या तपासणं, शांत बसा शांत बसा सगळं आलं. घरी एका सहा वर्षांच्या मुलीला समोर बसून अक्षरओळख आणि संख्या यासाठी पाऊण तास मनापासून दिला तर पुष्कळ झालं, बाकीचा दिवस तिने खेळावं, माती कालवावी, आजीजवळ बसावं. हे ऐकून भाची चक्क रडली. तिला वाटत होतं आपण शाळेपेक्षा कमी तास देतोय म्हणजे मुलांचं नुकसान करतोय.

मग मुख्य काम. विषयवार तासिका पुसून टाकल्या आणि प्रत्येक मुलाच्या कामाकडे एकच प्रश्न लावून बघितलं, याला मोठं माणूस शेजारी बसलेलं हवंय का? द्विशिक्षकी शाळेत आम्ही हेच करायचो. एका वर्गाला थेट शिकवायचं, दुसऱ्याला स्वाध्याय, तिसरा गटप्रमुख मुलाकडे, आणि अर्ध्या तासाने फिरवायचं. नवीन गणित, नवीन वाचन, लिहिलेलं तपासून त्यावर बोलणं याला माणूस लागतो. सराव, सुलेखन, पाढे, चित्र, वाचलेलं परत वाचणं, मोठीचं टिपण काढणं याला लागत नाही, फक्त काम आधी तयार पाहिजे आणि मुलाला ते येत असलं पाहिजे. इथे एक चूक सगळीकडे दिसते, स्वाध्यायाला कठीण काम दिलं जातं आणि मग दर दोन मिनिटांनी हाक येते. स्वाध्यायाचं काम आदल्या दिवशी शिकवलेलंच असावं.

तर आता त्या घरी असं चालतं की साडेआठला सगळ्यात आधी धाकट्याचा वेळ. वीस मिनिटं आई फक्त त्याची, गाणी, चित्रांचं पुस्तक, मांडीवर लोळणं, मोबाइल आत ठेवलेला. पोट भरलेलं आणि आई मिळालेली असली की अडीच वर्षांचं मूल पुढचा अर्धा तास बऱ्यापैकी आपलं आपण खेळतं, आणि उलट त्याला सगळ्यात शेवटी ठेवलं तर ते आपला वेळ सकाळभर तुकड्यातुकड्याने वसूल करतं. मग त्याला पडवीच्या पायरीवर परातीत थोडं पाणी, दोन वाट्या आणि एक गाळणी, शेजारी आजी खुर्चीत. ओलं होतं, होऊ दे. पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणात काम करणाऱ्या दोघींनी आपल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी ठेवली होती, त्यामागे हाच व्यवहार होता, लहान भावंडाची सोय झाल्याशिवाय मोठी बहीण शिकायला बसू शकत नाही. घरातही तसंच आहे, धाकट्याची सोय हा टाइमटेबलचा पहिला तास धरायचा.

नऊच्या सुमाराला आई मोठीजवळ बसते, सलग अर्धा तास, रोज. मुद्दाम पहिला नंबर मोठीचा, कारण उरलेल्या वेळात तिला द्यायचं ठरवलं की तो उरतच नाही. त्या वेळात मधला सुलेखन आणि पाढे करतो, तिसरी चित्र किंवा मणी. मग आई तिसरीकडे वीस-पंचवीस मिनिटं, मग मधल्याकडे. दहा-सव्वादहाला खाणं आणि अंगणात हुंदडणं. त्यानंतर सगळ्यांचं एकत्र काम, ज्याबद्दल पुढे लिहिते. साडेबाराला शाळा बंद, दुपारी कुणी पुस्तक काढलं तर आपल्या हौसेने.

मधेच अडलं तर काय, याला आम्ही शाळेत वापरायचो ती युक्ती लावली. प्रत्येकाच्या वहीचं शेवटचं पान अडलेल्याचं. आई दुसऱ्याजवळ बसलेली असेल तर हाक मारायची नाही, काय अडलं ते तिथे लिहायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. तिसरीला लिहिता येत नाही, ती त्या गणिताजवळ एक लाल खडा ठेवते. पहिले काही दिवस सगळ्यांना जड गेलं, आईला जास्त, कारण मुलाने हाक मारली की ताबडतोब गेलं पाहिजे असं तिच्या अंगवळणी पडलेलं. पण थोड्याच दिवसात दिसलं की मोठी जे लिहून ठेवते त्यातलं बरंचसं तिच्या पाळीपर्यंत तिनेच खोडलेलं असतं, शेजारी "आलं" लिहून. आणि जे उरतं ते खरोखर शिकवायचं असतं, त्यावर अर्धा तास नीट बसता येतं.

आता एकत्र काम. परिसर अभ्यास, विज्ञान, इतिहास, गोष्ट ऐकणं हे चार वयांना चार वेळा वेगळं शिकवायची काहीच गरज नाही. भाषेचं वाचन आणि गणित मात्र प्रत्येकाच्या पायरीनेच. एक उदाहरण नीट सांगते. मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं उतरवली, सासूबाई दरवर्षी सोलं, म्हणजे आमसुलं घालतात. रातांबे फोडायचे, बिया आणि गर वेगळा, साल वेगळी, मग रसात मीठ घालून त्यात सालं परत परत भिजवून उन्हात वाळवायची. त्या आठवड्यात शाळा म्हणजे हेच. तिसरीने वीस फळं घेतली आणि प्रत्येकातल्या बिया मोजून दहा-दहाचे ढीग केले, किती फळांत पाच निघाल्या, किती फळांत सहा, सात, हे खडूने अंगणात रेघा मारून. मधल्याने स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक किलो फळं तोलली, मग सालीचं वेगळं वजन, बियांचं वेगळं, आणि पुढे रोज संध्याकाळी तेवढ्याच सालींचं वजन तारखेसह लिहून ठेवलं. एका दिवशी वजन वाढलेलं आलं, तो धावत आला की काटा बिघडला. आजी म्हणाली, "अरे, आज परत रसात बुडवल्यात ना." त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, आकडा खरं बोलतो हे त्याला त्या दिवशी कळलं. मोठीने त्याच्याच तक्त्यावरून आलेख काढला, किती टक्के वजन उडालं ते काढलं आणि बाजारात सोलं किलोला काय भावाने जातात आणि ताजी फळं काय भावाने, मधे मीठ आणि मजुरी धरली तर हातात काय राहतं, याचा हिशोब मांडला. मीठ घातल्यावर सालीतलं पाणी बाहेर का येतं हे तिला विज्ञानात शोधायला लावलं. बियांचं मुठेल, म्हणजे घट्ट तेल, कसं काढतात ते आजीने सगळ्यांना सांगितलं, धाकटा तोवर लालभडक हात घेऊन हिंडत होता. एकच काम, पण प्रत्येकाला आपापल्या उंचीचं, आणि आईने वेगळी तयारी केली ती फक्त तीन प्रश्नांची.

हे सगळं रोज इतकं छान होत नाही. बऱ्याचदा एकत्र काम म्हणजे आई मोठ्याने वाचतेय आणि बाकीचे ऐकतायत एवढंच, आणि ते पुरेसं आहे. बालभारतीच्या साइटवर सगळी पुस्तकं फुकट पीडीएफमधे मिळतात, 'किशोर' मासिकाचे जुने अंकही वाचायला मिळतात, त्यातूनच वाचलं जातं. पावसाळ्यात लाइट गेली की तर हाच कार्यक्रम, म्हणून इंटरनेटवर चालणारं काहीही त्या सकाळच्या मुख्य वेळात ठेवलेलं नाही.

मधल्याच्या वाचनाचं सांगायचं राहिलं. त्याला पहिली-दुसरीची पुस्तकं परत द्यायला हवी होती, पण नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात पहिलीचं पुस्तक दिलं की त्याला लाज वाटते, मोठी बहीण समोर बसलेली असताना तर फारच. म्हणून त्याला काम दिलं की धाकट्या बहिणीला रोज दहा मिनिटं तू वाचून दाखवायचं, आईला वेळ नाही. मग ते पुस्तक तिचं झालं, त्याचं राहिलं नाही. तिला चुकीचं वाचून चालत नाही, तिने ती गोष्ट आजीकडून ऐकलेली असते, लगेच "नाही नाही, तसं नाहीये" म्हणते, आणि तो परत मागे जाऊन अक्षरं जुळवतो, चिडत नाही. आदल्या रात्री तो ते पान झोपायच्या आधी आईजवळ गुपचूप वाचून घ्यायला लागला. दिवाळीपर्यंत तो दुसरीचं पुस्तक न अडखळता वाचत होता, चौथीचं अजून नाही. पण पानं उलटायचं सोंग बंद झालं, हे मला सगळ्यात मोठं वाटतं.

आणि मोठीबद्दल मला जरा कडक लिहायचंय. भावंडांनी एकमेकांना शिकवावं हे सगळे कौतुकाने सांगतात, मीही वर तेच सांगितलं. पण द्विशिक्षकी शाळेत मी पाहिलंय की गटप्रमुख नेहमी हुशार मुलगीच होते, मग ती रोज पहिलीच्या पोरांना पाढे म्हणून घेते आणि तिचा स्वतःचा अभ्यास मागे राहतो, वर आपण तिला शाबासकी देतो म्हणून ती तक्रारही करत नाही. घरात तर याची भीती दुप्पट, कारण तिथे शिकवण्याबरोबर धाकट्याची शी-शू, दूध गरम करणं, कुणीतरी आलं तर चहा, हे पण हळूहळू तिच्याकडेच सरकतं. माझ्या वहीत एका सकाळी मोठी आपल्या जागेवरून किती वेळा उठली ते लिहिलेलं होतं आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या कुणासाठी तरी. भाचीला ते पान दाखवलं. आता नियम असा की मोठीने दिवसातून फक्त पंधरा मिनिटं कुणाला तरी शिकवायचं, तेही तिला हवं ते, आणि तिचा अभ्यास चालू असताना तिला घरकामाला हाक नाही. चहाला मधला उठतो. जावयांना मी सांगितलं की आठवड्यातल्या दोन सकाळी तुम्ही दहापर्यंत घरी थांबा, धाकटा तुमच्याकडे. ते म्हणाले, "मावशी, बागेत माणसं येतात त्याच वेळेला." मी म्हटलं, मग माणसांची वेळ बदला. बदलली.

कायद्याचं आणि परीक्षेचं थोडक्यात, कारण घर चालवण्याशी त्याचा संबंध आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू, 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी. त्यात मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, होमस्कूलिंगचा वेगळा उल्लेख नाही आणि पालकांना शिक्षाही सांगितलेली नाही. तेव्हा शिक्षक घरी शाळाबाह्य मुलांची चौकशी करायला आले तर त्यांच्याशी भांडू नका, ते त्यांचं काम करतायत, वह्या दाखवा. या घराने प्रत्येक मुलाची तारीखवार वही आणि महिन्यातून निवडलेली चार-पाच कामं अशी फाइल ठेवलीये, ती अशा वेळी उपयोगी पडते आणि मुलं परत शाळेत जायची म्हणाली तरीही. दहावीसाठी एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, तिथे वयाची 14 वर्षं पूर्ण लागतात, किमान पाच विषय, नोंदणी पाच वर्षं चालते आणि वर्षातून दोनदा परीक्षा असते, सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही. दुसरा रस्ता राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसणं, त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. मोठीचा दाखला पुण्याच्या शाळेतून काढून ठेवलाय, तिसरीकडे तो असणारच नाही, त्यामुळे दोघींचे रस्ते कदाचित वेगळे असतील, आणि हे आत्ताच माहीत असलेलं बरं.

अजून जमलेलं नाही तेही लिहिते. मधल्याचं इंग्रजी मुद्दाम थांबवलंय, मराठी वाचन सैल होईपर्यंत, पण पुण्याचे आजी-आजोबा फोनवर त्याला इंग्रजीतच विचारतात आणि तो फोन ठेवून निघून जातो. मोठीला तिच्या वयाच्या मैत्रिणी हव्यात, भावंडं कितीही असली तरी ती मैत्रिणींची जागा घेत नाहीत. सध्या ती शनिवारी गावातल्या शाळेच्या कबड्डीला जाते, तिथल्या बाईंनी आनंदाने येऊ दिलं. पुढच्या जूनपासून आठवीला शाळेत जायचंय का हे तिला विचारलंय आणि उत्तरासाठी तिला मार्चपर्यंत वेळ दिलाय. ती गेली तर नऊची पहिली पाळी मधल्याची, आणि तोवर धाकटा तीनच्या पुढे गेलेला असेल तेव्हा त्याला अंगणवाडीत घालायचं असं भाचीने आत्ताच ठरवून टाकलंय, मलाही ते योग्य वाटतं.